आत किती जण आहात?

आमच्या सासरी कुणी कुणाला काही सांगत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने सांगितलं असेल. लग्न होऊन चार महिने झाले होते आणि त्या घराबद्दल मला पक्की कळलेली गोष्ट ही एवढीच. बाकी सगळा आनंदच होता. साखरेचा डबा कुठला, गच्चीची किल्ली कोणाकडे, कोण कोणावर रुसलंय, सगळं माझं मीच शोधून काढायचं. माहेरी मला लवंगी म्हणायचे. मी चार महिने तोंड आवरून कशी राहिले, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सगळ्यात मोठं कोडं म्हणजे माझे सासरे. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं एकाच कंपनीत. उंच, सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चालताना उजवा खांदा हत्यारांच्या पिशवीने खाली ओढलेला. पिशवी नसली तरी खांदा तसाच. आणि बोलणं म्हणजे ‘हं’. भाजी आवडली? हं. ताप आलाय का? हं. मला वाटायचं, मी यांना पसंत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, “छे गं, तुझ्याशी तर ते खूप बोलतात.”

मग एकदा ते चष्मा घरी विसरले आणि तो द्यायला मी त्यांच्या कामावर गेले. नऊ मजली इमारत. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आतली माणसं दारावर धपाधप हात मारतायत, “उघडा! लवकर उघडा!” आणि बाबा चौथ्या मजल्यावर गुडघ्यांवर बसून, बंद दाराच्या फटीला तोंड लावून चक्क बोलत होते. “घाबरू नका, मी आलोय. आधी मला सांगा, आत किती जण आहात? पाच? लहान मूल आहे? त्याला कडेवर घ्या. दाराला टेकू नका. आता माझा माणूस वरून मेन स्विच बंद करेल, आवाज येईल, दचकू नका. मी कुठेही जात नाही.” मी चष्मा हातात धरून बघतच राहिले. हा माणूस संध्याकाळी घरी का येत नाही, असा मला प्रश्न पडला.

परत येताना मी विचारलं, “बाबा, तुम्ही कधी अडकलात का हो लिफ्टमध्ये?”

पिशवी सावरत ते म्हणाले, “नाही. मी नेहमी बाहेर.”

आमच्या घरात वर्षाचा शेवटचा शनिवार मोठा. थंडीची सुट्टी असते, म्हणून नणंद आणि तिचा नवरा येतात. त्यांची सहा वर्षांची मुलगी येते. दिसेल ते बटण दाबते म्हणून तिचं नावच बटण पडलंय. बाबांची मोठी बहीण येते, म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, आणि तिच्याबरोबर तिचे यजमान. त्यांना घरात लहानथोर सगळेच आतोबा म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, गोल, गप्पिष्ट, खुर्चीत बसले की खुर्ची कुरकुरते. केक, गरम सूप, कागदाच्या माळा, सगळं असतं. फक्त बाबा नसतात. त्या आठवड्यात बरोबरच्या लोकांना रजा हवी असते, त्यांची मुलं लहान, म्हणून बाबा ड्यूटी घेतात. स्वतःची मुलं लहान होती तेव्हाही घ्यायचे. हे मला ठाऊकच नव्हतं. कोण सांगणार? जेवताना मी सहज बोलून गेले, “शनिवारी तुम्ही नसता? मला वाटलं, सगळे असतात.”

बाबा ‘हं’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवडाभराची रजा टाकली. ऐन सुट्टीतली, एकतीस वर्षांत पहिली. घरी येऊन हे सांगितल्यावर आनंद होईल की नाही? छे. सगळ्यांचे चेहरे असे झाले की मला वाटलं, नोकरीच गेली.

रजेच्या पहिल्या सकाळी बाबा सात वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्याच्या कडेवर येऊन बसले. “चहा किती वाजता असतो?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल तेव्हा.” हे उत्तर काही त्यांना झेपलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी परत घातलं. आई वैतागल्या. “अहो, बसा ना जरा स्वस्थ!”

“कुठे?” ते खरोखरच विचारत होते.

शुक्रवारी मी माळा चिकटवत होते, तर ते मागे येऊन उभे राहिले. “उद्या नक्की काय असतं? म्हणजे, मी काय करायचं असतं?”

मी म्हटलं, “मलाही माहीत नाही, बाबा. माझंही पहिलंच वर्ष.”

“हं,” ते म्हणाले. आणि लगेच, “मग आपण दोघं शेजारी बसू.” एका दमात एवढं ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मला इतकं भरून आलं की माळ उलटी चिकटली.

इकडे बाकीच्यांचं काय शिजत होतं, काही केल्या कळेना. आई आत्याशी फोनवर हळू आवाजात, “यंदा कसं करायचं गं? ते घरातच आहेत.” नणंद म्हणे, “त्यांना तासभर बाहेर काढू या.” मी नवऱ्याला बाल्कनीत गाठलं. काय प्रकार आहे? तर तो म्हणतो, “अगं, ते पॅसेजचं. आईने सांगितलं नाही तुला?” आईंना विचारलं, तर “त्याने नाही सांगितलं? कळेल गं उद्या.” आणि शनिवारी दुपारी माझ्या डोळ्यांदेखत आत्यांनी बाबांच्या कपाटातून त्यांचं कंपनीचं निळं जॅकेट काढलं आणि पिशवीत कोंबलं. मी म्हटलं, “आत्या, ते बाबांचं...” “श्शू!” म्हणाल्या आणि सटकल्या. माझं डोकं पार चक्रावलं. सख्खी बहीण भावाचं जॅकेट पळवते?

सहा वाजता आईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. “हे बघ, तू बाबांना घेऊन मेणबत्त्या आणायला जा. घरात आहेत मेणबत्त्या, पण जा. सातच्या आत आणू नकोस त्यांना.”

“पण का?”

“आता प्रश्न विचारू नकोस, केक सुकतोय.”

झालं. चार महिने आवरून धरलेलं तोंड सुटलं, पण जिथे सुटायला हवं तिथे नाही. मी तरातरा बाबांच्या खोलीत गेले. नवीन स्वेटर घालून, भांग पाडून ते पलंगावर बसले होते. कुणी बोलावेल म्हणून वाट बघत असावेत. मी म्हटलं, “बाबा, मला तुम्हाला घराबाहेर न्यायला सांगितलंय. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मी मुळीच नेणार नाही. तुम्ही बाहेर या आणि त्यांना विचारा तोंडावर!”

मला वाटलं, ते चिडतील. निदान ‘का’ म्हणून तरी विचारतील. ते स्वेटरच्या बाहीतून लोंबणारा दोरा ओढत राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे. त्यांना माझी सवय नाही.” आणि त्यांनी ऑफिसला फोन लावला. “मी बोलतोय. काही काम आलंय का? ...हं. येतो.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे काय करून बसले मी! “बाबा, तसं नव्हतं म्हणायचं मला,” मी म्हटलं. मग कसं म्हणायचं होतं, ते मलाच सांगता येईना. त्यांनी बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि कपाट उघडलं. मग हॉलमध्ये येऊन म्हणाले, “माझं जॅकेट कुठे आहे?”

आत्या माळांकडे बघायला लागल्या. आणि नेमके तेव्हाच आतल्या खोलीतून आतोबा बाहेर आले. अंगात बाबांचं निळं जॅकेट, ते पोटावर काही केल्या लागत नव्हतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात टॉर्च, उजवा खांदा खाली पाडलेला. हुबेहूब! “घाबरू नका, मी आलो...” एवढं म्हणेपर्यंत समोर बाबा दिसले आणि आतोबांची बोलतीच बंद झाली. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, एक सडपातळ बाबा आणि एक गोल बाबा.

“आजोबा, आतोबा तुम्ही झालेत!” बटण टाळ्या पिटत ओरडली.

“हे काय आहे?” बाबांनी विचारलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच काही समजत नव्हतं. मला तरी कुठे समजत होतं?

शेवटी आई खुर्चीवर टेकल्या. “मी सांगते. रागावू नका. बावीस वर्षं झाली. हा सहा वर्षांचा होता,” त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. “तुम्ही शनिवारी ड्यूटीवर निघालात आणि हा दाराला चिकटून जो रडायला लागला, तो थांबेचना. मग मी म्हटलं, चल, बाबा काय करतात ते बघू. आम्ही सगळे त्या मधल्या पॅसेजमध्ये शिरलो, दोन्हीकडची दारं लावली, दिवा घालवला. म्हटलं, आता आपली लिफ्ट अडकली. आतोबांनी एकदा तुम्हाला कामावर ऐकलं होतं, ते बाहेर उभे राहून तुमच्यासारखं बोलले. मग बाबांनी आपल्याला सोडवलं म्हणून याला कोण आनंद! पुढच्या वर्षी यानेच हट्ट धरला. मग दरवर्षीचंच होऊन गेलं. तुमची नक्कल करतो हे कळल्यावर तुम्हाला काय वाटेल, म्हणून...”

“बावीस वर्षं?”

“हं,” आई म्हणाल्या.

“आणि मला कोणी सांगितलं नाही?”

“मलाही नाही!” मी किंचाळले. नवरा पुटपुटला, “मला वाटलं, आईने सांगितलं असेल.” त्याच्याकडे मी नंतर बघणार होते.

बाबा आतोबांच्या खांद्याकडे बघत होते. “मी असा चालतो?”

“हो!” सगळे एकदम म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऑफिस. निघालात का म्हणून. माझा जीव टांगणीला लागला. बाबांनी फोन कानाला लावला, एकदा दाराकडे बघितलं, एकदा आतोबांकडे. “पाचव्या मजल्याचं दार नीट लागत नाही, एवढंच ना? आत कोणी नाही ना? मग दुसऱ्या कोणाला पाठव,” ते म्हणाले. आणि पुढचं जरा अडखळत, “मी रजेवर आहे.”

त्यांनी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. “कसं असतं ते?” म्हणत ते सवयीने पॅसेजच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले. बटणने त्यांचा हात धरून ओढलं. “आजोबा, तुम्ही तिथे नाही. तुम्ही आत!”

पॅसेज म्हणजे केवढा, तर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने वळावं, एवढा. त्यात आम्ही आठ जण. कोणाचं कोपर माझ्या बरगडीत, आत्यांचा अंबाडा माझ्या तोंडावर. दोन्ही दारं लागली, दिवा गेला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. नणंदेचा नवरा मागे सरकला, तेव्हा बाबांचा आवाज आला, “दाराला टेकू नका.” तो बिचारा मुकाट्याने सरळ उभा राहिला.

बाहेरून टकटक झाली. “घाबरू नका, मी आलोय,” आतोबांचा आवाज. तो आवाज बाबांचा होता, शपथेवर सांगते. “आधी मला सांगा, आत किती जण आहात?”

इथलं उत्तर म्हणे दरवर्षी ठरलेलं. सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, ‘सहा आत, एक बाहेर!’ हे मला नंतर कळलं. त्या दिवशी नुसता गोंधळ उडाला. कोणी सहा म्हणालं, कोणी सात, मला तर कोणी धरतच नव्हतं. शेवटी आईंनी अंधारात एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं आणि म्हणाल्या, “आठ.”

“आणि एक बाहेर!” बटण सवयीने ओरडली.

आई हळूच म्हणाल्या, “नाही गं राणी. यंदा बाहेर कोणी नाही.”

“अहो, मग मी कोण?” दारापलीकडून आतोबांनी विचारलं.

असा हशा उसळला म्हणता! आत्या तर माझ्या अंगावरच कोसळल्या. बाबा माझ्या शेजारी उभे होते, ठरल्याप्रमाणे. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागून गदगदत होता. ते हसत होते की काय, मला अंधारात कळलं नाही. विचारायचं धाडस अजूनही झालेलं नाही.

हसणं ओसरलं. आतोबांनी घसा खाकरून पुढचं सुरू केलं, “आता मी दार उघडतोय हं, मागे सरका.” कडीचा आवाज झाला.

“थांबा,” बाबा म्हणाले. घरातला आवाज नव्हे, चौथ्या मजल्यावरचा. “आत सगळे ठीक आहेत. घाई नाही. एवढ्यात उघडू नका.”

हे काही आतोबांना पाठ नव्हतं. ते बाहेर टॉर्च घेऊन तसेच उभे राहिले.