दुसऱ्या नळाचं सांगितलंच नाही

…तर काल आपण हौदापाशी थांबलो होतो. साहेब तपासणीला आलेले, चौथीचा वर्ग श्वास रोखून बसलेला, गुरुजींच्या कपाळावर घाम. साहेबांनी कागदावरून गणित वाचलं, "एका नळाने हौद सहा तासांत भरतो. दोन्ही नळ एकदम सोडले, तर किती तासांत भरेल?" अख्ख्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "चार तास!" गणित पुस्तकातलंच होतं, उत्तर तोंडपाठ. फक्त एक पोर उभं राहिलं आणि म्हणालं, "साहेब, दुसऱ्या नळाचं तुम्ही सांगितलंच नाही." साहेबांनी कागद पाहिला. मधली एक ओळ वाचायची राहून गेली होती. मग ते असे हसले, असे हसले, की गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

"आणि ते पोर म्हणजे मी!" पन्नास वर्षं मी ही गोष्ट अशीच संपवत आलो. ज्या नातीने ती माझ्याकडून सगळ्यांत जास्त वेळा ऐकली, तिची हकीगत आज सांगायची आहे.

तिला घरात 'कशावरून' म्हणतात. सहा वर्षांची होती तेव्हा मी तिला सांगितलं, चंद्र माझ्यामागे चालत येतो. तिने मला गल्लीच्या त्या टोकाला पिटाळलं, आपण या टोकाला गेली, आणि परत येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, तो तर माझ्याबरोबर होता. मग तुमच्यामागे कोण आलं?" मी आपला चष्मा पुसत बसलो. आतून सून म्हणाली, "बाबा, हौदाची गोष्ट रोज कोणी सांगितली? आता भोगा."

पण पोरगी काही जन्मतः शहाणी नव्हती हं. विद्यापीठात पहिल्या वर्षाला असताना दुसऱ्या दिवशी निबंध द्यायचा होता, आणि हिने कुठल्याशा पुस्तकातले दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले. मॅडमनी तिला बोलावून कागद पुढे ठेवला. म्हणाल्या, "सगळ्या निबंधात तू ठेचकाळत चालली आहेस. इथेच तेवढी घोड्यावर बसलीस. घोडा कोणाचा?" शून्य गुण मिळाले. हिने मला फोन केला आणि हुंदके देत सगळं सांगितलं. मी मोठ्या थाटात म्हणालो, "बाळा, दुसऱ्याचा सदरा घातला की बाह्या लोंबतातच." माझ्या स्वतःच्या बाह्या तेव्हा गुडघ्यापर्यंत आल्या होत्या, ते काही मला दिसलं नाही.

तेव्हापासून तिच्या होस्टेलच्या पलंगाखाली बुटांचा एक रिकामा खोका आहे. त्यात पत्त्यांएवढी कार्डं. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि खाली बारीक अक्षरात : कोणी सांगितली, कुठल्या पानावर आहे, मी स्वतः पाहिली का. खोलीतली मैत्रीण म्हणते, "हिला प्रेमपत्र आलं तरी ही विचारेल, हे वाक्य कुठून घेतलंस?"

यंदा तिचा प्रबंध होता. विषय, खेड्यातल्या शाळांतली पाठांतराची सवय. पहिल्या पानावर काय, तर आपला हौद! मॅडमना ते पान फार आवडलेलं. जमा करायला चार दिवस उरले असताना ही घरी आली आणि म्हणाली, "आजोबा, शाळेत जाऊन येते. तपासणीची तारीख हवी आहे."

"तारीख कशाला? माझा शब्द आहे ना?"

"शब्द आहे, म्हणूनच कार्ड कोरं ठेवून चालणार नाही."

मी पडलो खुशीत. पोरगी माझी तारीख शोधायला निघाली होती, जशी काही राजाची जन्मतारीख!

संध्याकाळी परत आली तेव्हा मी ओट्यावर मटार सोलत बसलो होतो. ती शेजारी बसली, चार शेंगा सोलल्या, दाणे भांड्यात टाकले. मग वही उघडली. तपासणीचे शेरे लिहायचं जुनं बुक शाळेच्या कपाटात सापडलं होतं. अर्धं वाळवीने खाल्लेलं. पण आमचं पान वाळवीला आवडलं नसावं. तिने उतरवून आणलेलं वाचलं, "'गणिताची माहिती अपुरी असल्याचे मागच्या बाकावरील, शाळेच्या शिपायाच्या मुलीने लक्षात आणून दिले. तिचे कौतुक वाटते. पुढच्या बाकावरील एक मुलगा उत्तरे फार मोठ्याने देतो.'"

मी शेंगेतला एकच दाणा तीनदा काढला.

"साहेबांनी चुकीचं लिहिलं असेल," मी म्हणालो.

"असेलही. म्हणून तर विचारते. तुम्ही कुठल्या बाकावर बसायचात?"

आता काय सांगणार? माझा आवाज आजही तिसऱ्या घरापर्यंत जातो.

"पुढच्या," मी म्हणालो.

तिने वही मिटून मांडीवर ठेवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी घाईघाईने म्हणालो, "पोरी, मॅडमना पान आवडलंय. दिवस चार राहिलेत. ती वाळवी खाल्लेली वही उघडायला कोण मरायला जाणार आहे?"

"बसमध्ये मीही स्वतःला हेच सांगत होते," ती म्हणाली. "दोन थांबे पटलंसुद्धा. मग त्या मुलीचा विचार आला. तिला एकदाच कोणीतरी शाबासकी दिली होती, आजोबा."

मग मी सांगितलं, कसं झालं ते. लग्न नवीन होतं. तिच्या आजीला मी ही गोष्ट पहिल्यांदा खरीच सांगितली होती, आमच्या वर्गात एक मुलगी होती म्हणून. ती नुसतं 'हं' म्हणाली आणि भांडी आवरायला उठली. पुढच्या खेपेला पाहुण्यांसमोर जिभेवर 'मी' आलं, आणि तिने दारातून माझ्याकडे असं पाहिलं, की विचारू नका. ते पाहणं परत कसं करायचं? आधी मी लाजून मुलीवर ढकललं होतं, असं तिने धरलं; ती वारली तोवर तिला तेच खरं वाटत होतं. पुढे पुढे मलाही.

नातीने माझ्या हातातली शेंग काढून घेतली आणि हात तसाच धरून ठेवला. "ती मुलगी पुढे कुठे गेली, माहीत आहे?"

माहीत आहे म्हणजे! बाजारामागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान आहे. चाळीस वर्षं माझे सदरे तीच शिवते. आणि चाळीस वर्षांत हौदाची गोष्ट मी त्या एका दुकानात सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. बाई मशीनवर वाकल्या होत्या, ओठांत टाचण्या, गळ्यात टेप. मला पाहून टाचण्या काढल्या आणि आतल्या सुनेला हाक मारली, "अगं, चार तास आलेत, खुर्ची दे!"

म्हणजे त्या घरात इतकी वर्षं माझं नाव हेच होतं.

मी उभ्या उभ्याच सगळं कबूल केलं. बाई ऐकत होत्या, मग पदराने डोळे पुसत हसल्या. "एवढंच ना? मला वाटलं, सदरा आखूड झाला." नातीने कार्ड काढून विचारलं, तुम्हाला ते सुचलं कसं. बाई म्हणाल्या, "सुचलं कसलं, बाई? मला गणित येत नव्हतं. म्हणून मी साहेब काय म्हणतात ते नीट ऐकत होते. यांना येत होतं, यांना ऐकायची गरज काय?"

नातीने ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, खाली बाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं. बाईंनी एक काना दुरुस्त करून दिला.

परत येताना नात बोटांवर दिवस मोजत होती. पहिलं पान पुन्हा लिहायला हवं होतं. त्यासाठी ती दोन रात्री जागणार होती, त्याचं तिला काही नव्हतं. मला मात्र एकच घोर लागला होता. कोपऱ्यावर आल्यावर शेवटी विचारलंच, "म्हणजे आता माझं नाव प्रबंधातून गेलं म्हणायचं?"

ती थांबली, माझ्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "जाईल कसं, आजोबा? तुम्ही पहिल्याच पानावर आहात, पुढच्या बाकावर, मोठ्या आवाजात. आणि खाली टीप आहे : 'ही हकीगत ज्यांनी पन्नास वर्षं चुकीची सांगितली, त्यांनीच मला खऱ्या माणसाच्या दारापर्यंत नेलं.'"