शालीची पिवळी कड

त्या कारखान्यात बायकांना नावं नव्हती, रंग होते. म्हणजे आईबापांनी ठेवलेली नावं होतीच की, पण ती घरी ठेवून यायची. जिना चढून वर आलं की एक पिवळी, एक लाल, एक निळी, एक हिरवी. "लाल आली का गं?" "निळीचा खोकला थांबला का?" असं बोलणं चालायचं. एकदा पोस्टमन खाली उभा राहून कुणाचं तरी खरं नाव घेऊन घसा फोडत होता, तर वरच्या सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या. शेवटी हिरवीच्या डोक्यात उजेड पडला, की अरेच्चा, ही तर मीच!

आजकाल कुणीही उठतो आणि सांगतो की पहिले सिनेमे काळेपांढरे होते. होते ना. पण त्यातले काही या बायकांच्या हातांखालून जायचे आणि रंगीत होऊन बाहेर पडायचे. यंत्रबिंत्र काही नाही, नुसते हात. फिल्मची लांबच लांब पट्टी, तिच्यावर टपालाच्या तिकिटाहून लहान चित्रं एकाखाली एक. टेबलाला काच, काचेखाली आरसा, आरशातून खिडकीचा उजेड वर यायचा. डोळ्याला भिंग लावायचं, चार केसांचा ब्रश घ्यायचा आणि प्रत्येक चित्रातल्या त्याच टोपीवर, त्याच फुलावर तोच रंग भरत जायचं. मग पट्टी पुढचीकडे सरकवायची. पडद्यावर जे निमिषात पळून जातं, त्यात या बायकांचा आठवडा जायचा. थंडीत बोटं आखडली तरी शेगडी मिळायची नाही, कारण ती फिल्म ठिणगी पाहिली की भडकायची. आणि एवढं करून कुणाचं नाव पाटीवर? कुणाचंच नाही. जळलं मेलं ते कौतुक!

यातली लाल म्हणजे आपली थोरली. लग्न होऊन आली आणि काही वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नाही. सासू तोंडानं काही म्हणाली नाही, पण म्हणण्यासारखे चेहरे करायची. तेव्हा थोरलीनं हे काम धरलं, आणि घरातली हवाच बदलली. कमावती सून आहे म्हटल्यावर सासू तिचं ताट आधी वाढायला लागली. दीर "वहिनी, वहिनी" करत सल्ला विचारायला लागला. पुढे दिराचं लग्न झालं, धाकटी घरात आली, तर तिलाही थोरलीनंच कारखान्यात नेऊन पिवळ्या रंगावर बसवलं. ब्रश कसा धरायचा, श्वास कुठे सोडायचा, सगळं शिकवलं. धाकटी तिला जाऊबाई म्हणायची आणि तिच्या मागे मागे असायची. सासू चेष्टेनं म्हणायची, "अगं, सावलीसुद्धा संध्याकाळी जरा लांब जाते!"

आणि मग थोरलीचे डोळे जायला लागले.

एकदम नाही गेले. आधी कडा धूसर झाल्या. मग भिंगातून बघितलं तरी करडं आणि त्याहून करडं एवढंच कळायला लागलं. तिनं भिंग पुसून पाहिलं, बदलून पाहिलं, आरशाला शिव्या घातल्या. वैद्याकडे जायची तिची छाती झाली नाही, कारण तो काय सांगणार ते तिला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत ती रोज जिना चढायची. दिसत नाही हे कळलं की काम जाणार. काम गेलं की घरातली ती जागा जाणार, आणि परत ते सासूचे चेहरे. नवरा नाही, मूल नाही, मग हातात दुसरं होतं काय? भीतीनं तिला जेवण जायचं नाही.

गंमत पाहा. नेमकी त्याच दिवसांत एका आगीच्या चित्राची पट्टी आली. घर पेटतं, ज्वाळा उठतात, लोक पळतात. थोरलीला ज्वाळेची कड काही दिसेना. तिनं अंदाजानं लाल भरत नेला, एका चित्रात जरा वर, दुसऱ्यात जरा बाजूला. मागच्या खोलीत चुन्याच्या भिंतीवर ते चित्र दाखवलं, तेव्हा आग अशी काही नाचली की मशीनची दांडी फिरवणारा दांडेवालासुद्धा "अरे बापरे!" म्हणून मागे सरकला. मालकीणबाई कधी कुणाचं कौतुक करायच्या नाहीत, पण त्या म्हणाल्या, "आग पाहावी तर हिची!" बाकीच्या ज्वाळा एका जागी उभ्या असायच्या, हिच्या जिवंत निघाल्या. थोरली हसली. घरी येऊन मोरीत तोंड धुता धुता रडली.

त्या कौतुकापायीच पुढची आफत ओढवली. एका कंपनीचं नवं चित्र आलं. बाप दूरदेशी निघालाय आणि लाल शाल पांघरलेली लेक दारात उभी आहे. त्या एका शालीवर कंपनीची सगळी भिस्त. मालकीणबाई म्हणाल्या, "शाल दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आगवालीलाच द्या."

थोरलीनं पट्टी काचेवर ठेवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. शाल करडी, मागची भिंत करडी. शाल कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, काही म्हणजे काही कळेना. ब्रश हातात धरून ती नुसती बसून राहिली. शेजारी धाकटी होती. ती पिवळी, म्हणजे पट्टी आधी तिच्याकडे यायची आणि मग थोरलीकडे जायची. तिनं एकदा थोरलीकडे पाहिलं, एकदा ब्रशाकडे.

"जाऊबाई, दिसत नाही ना?"

"हळू बोल!"

"कधीपासून?"

"बोलू नकोस म्हटलं ना!"

धाकटी बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून येणारी पट्टी वेगळी यायला लागली. लेकीच्या केसांतलं फूल पिवळं करायचं, एवढंच तिचं काम. तिनं फूल केलंच, आणि वर पिवळ्या रंगात भरपूर पाणी घालून सगळी शाल फिकट पिवळी करून दिली. कडेला जरा गडद रेघ. पिवळा तेवढा थोरलीला अजून कळायचा. तिनं भिंगातून पाहिलं, आणि करड्या धुक्यात शाल चक्क उजळून उठलेली! आता नुसतं उजेडात लाल भरायचं. कड दिसत होती. तिनं धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेवढंच. दोघी मान खाली घालून कामाला लागल्या. काचेवर तरी लालाखाली पिवळ्याचा मागमूस राहिला नाही. धाकटीनं स्वतः भिंग लावून तपासलं होतं.

आता, एकीच्या रंगात दुसरीनं पाय ठेवायचा नाही, हा तिथला पहिला नियम. तो उगाच नव्हता. ते रंग पाण्यासारखे पातळ, एकमेकांना झाकत नाहीत. खिडकीच्या मऊ उजेडात जे झाकल्यासारखं वाटतं, ते मशीनच्या झगझगीत दिव्यापुढे उघडं पडतं. आणि तिकिटाएवढ्या चित्रातली केसाएवढी रेघ भिंतीवर हाताएवढी होते. बायकांना हे ठाऊक असायचं ते ऐकून. त्यांना दिवसभर काच दिसायची, भिंत क्वचितच.

चित्र पाहायला कंपनीचा माणूस आला. सगळ्याजणी मागे भिंतीला टेकून उभ्या. दांडेवाल्यानं दांडी फिरवली. बाप निघाला, लेक दारात आली, आणि शाल लाल दिसायच्या ऐवजी भडक नारिंगी दिसली. तिच्या कडेनं पिवळी रेघ लपलपत होती, खांद्यावरून उठत होती, हनुवटीपर्यंत जात होती. लेक डोळे पुसत होती आणि तिच्या अंगावर जाळ नाचत होता.

"अहो, पोरगी पेटली!" कंपनीचा माणूस म्हणाला आणि पोट धरून हसला. हसून झाल्यावर मात्र "शाल पुन्हा करा" म्हणून टोपी उचलून निघून गेला.

मालकीणबाईंनी खिडकी उघडायला लावली. पट्टी उजेडात धरली, भिंग लावलं. त्या जुन्या, मुरलेल्या. त्यांना फार वेळ लागला नाही.

"शालीत पिवळा रंग आहे. पिवळी, इकडे ये. शालीत तुझं काय काम होतं?"

धाकटी पुढे येऊन उभी राहिली.

"झोप लागली होती का? की शहाणपणा सुचला होता? बोल ना!"

धाकटी मूग गिळून बसली. तिनं थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही, न पाहण्याची काळजीच घेतली. आणि थोरली? तिची पाचावर धारण बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं, 'मला दिसत नाही म्हणून तिनं केलं.' ते काही तिनं उच्चारलं नाही. तिनं मनात म्हटलं, हिला नवरा आहे. हिचं काम गेलं तर हिचं घर थोडंच जाणार आहे? तेवढ्यात मालकीणबाईंनी धाकटीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलंही.

घरी जाताना धाकटीच म्हणाली, "बरं झालं, तुम्ही काही बोलला नाहीत. दोघींचं गेलं असतं." थोरलीला वाटलं, रस्त्याच्या मधोमध बसून हिच्या पाया पडावं. ती पडली नाही. नुसतीच चालत राहिली.

संध्याकाळी ताटं वाढली. सासू, दीर, दोघी जावा. बातमी आधीच घरात शिरली होती. सासूनं धाकटीच्या ताटात वाढता वाढता डाव हवेत थांबवला.

"हातचं काम घालवून आलीस म्हणे?"

"चूक झाली," धाकटी म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली.

दिरानं विचारलं, "पण झालं काय असं?"

प्रश्न धाकटीला होता. ती काही सांगेना. थोरलीला ती शांतता सहन होईना. आता ही सांगेल, नाहीतर आपल्या तोंडावर सगळं दिसेल, असं तिला वाटलं असेल. चोराच्या मनात चांदणं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"हिला घाईच फार," ती म्हणाली. "मी किती वेळा सांगितलं, ब्रश जपून चालव. ऐकेल तर ना!"

"बघ, ती बिचारी शिकवते तरी," सासू म्हणाली.

धाकटीनं मान वर करून थोरलीकडे पाहिलं. थोरलीला चेहरे नीट दिसत नव्हते, तरी ते पाहणं तिला दिसलं. धाकटी पुन्हा खाली बघून जेवायला लागली. तिनं ताटात काही टाकलं नाही.

रात्रभर थोरलीनं कूस बदलली. सकाळी ती कामावर गेली. शेजारी नवी पिवळी बसली होती. शालीचं काम पहिल्यापासून करायचं होतं. पट्टी आली ती स्वच्छ, नियमानुसार, फुलापुरती पिवळी. थोरलीनं भिंग लावलं. करडं आणि करडं. तिनं ब्रश लाल रंगात बुडवला, वर धरला, आणि एक थेंब काचेवर पडेपर्यंत तशीच बसली. मग उठली, टेबलांना हात लावत मालकीणबाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, आगीचं, शालीचं.

मालकीणबाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काल का नाही बोललीस?"

"भ्याले."

"कशाला भ्यालीस? बोटं आहेत ना तुला? पट्टीच्या कडेची भोकं फाटलेली असतात, ती आम्हाला डोळ्यांनी सापडत नाहीत. ती बोटांनी चाचपायला कुणीतरी लागतंच." आणि त्यांनी दारातून आवाज दिला, "कुणीतरी जा गं, त्या कालच्या पिवळीला बोलावून आणा. लाल रंगावर बसेल ती."

एवढंच होतं ते! ज्या भीतीपायी थोरलीनं एवढं केलं, ती भीती दोन वाक्यांत निकालात निघाली. काम गेलं नाही. घरातली जागा गेली नाही. त्या संध्याकाळी तिनं सासूसमोर, दिरासमोर खरं काय ते सांगितलं, कान पकडले, माफी मागितली. सासूनं कपाळाला हात लावला. दीर म्हणाला, "जाऊ द्या, वहिनी." धाकटी म्हणाली, "झालं ते झालं, जेवा आता."

पुढे कितीतरी वर्षं दोघी त्याच जिन्यानं गेल्या-आल्या. रंग भरायची यंत्रं आली, बायका पांगल्या, नंतर चित्रं बोलायला लागली आणि तो कारखाना बंद पडला. सासू गेली. थोरलीची उरलीसुरली नजरही गेली. धाकटीनं तिचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, नखं काढली, ताटात काय कुठे आहे ते रोज सांगितलं, रस्त्यावर हात धरून नेलं. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणी करणार नाहीत असं करते. कुठे म्हणून कमी नाही. फक्त ती आपल्या मनातलं थोरलीला कधी सांगायची नाही. विचारलं तेवढं उत्तर, नीट आणि गोड. पूर्वीची ती बडबड थोरलीला परत ऐकायला मिळाली नाही.

म्हातारपणी एकदा दोघी बाजारातून परत येत होत्या. थोरलीला राहवलं नाही. ती म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी मालकीणबाईंसमोर गप्प बसले, तो राग अजून आहे का गं तुझ्या मनात?"

धाकटीला आठवायला क्षणही लागला नाही.

"नाही, जाऊबाई. त्याचा राग नव्हताच. तेव्हा तुम्ही भ्यालात, मला कळलं होतं. मीही भ्यालेच असते. पण घरी जेवताना बोललात... तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

पुढे पायरी होती. धाकटीनं "पायरी आहे हं" म्हणून तिचा हात घट्ट धरला आणि तिला खाली उतरवलं.