तानूबाईचं लोणी कुठं गेलं

लोणी खावं तर तानूबाईच्या हातचं, असं राधानगरीकडच्या त्या वस्तीवर कोणीही सांगितलं असतं. बाई तोंडानं फटकळ, पण साय किती आंबली हे तिला गाडग्यावर नुसतं वाकून कळायचं. घुसळायचं आज की उद्या, हे तिचं नाक ठरवायचं. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

मागच्या थंडीत ती तापानं पडली. उठल्यावर जेवण मिळमिळीत लागायला लागलं. वय झालं, दुसरं काय, म्हणून तिनं पुन्हा रवी धरली. ताक न्यायला येणाऱ्या बायका हळूहळू कमी झाल्या, तर हल्ली सगळ्यांना बाटलीतलंच गोड लागतं म्हणून तिनं वस्तीला शिव्या घातल्या. मुलगा सूरज शेत बघायचा. सून मनाली कोल्हापुरात नोकरीला होती. दर मंगळवारी ती लोण्याचा डबा कचेरीतल्या भैरवीताईंकडं न्यायची आणि "ताईंनी लय नावाजलं," असं येऊन सांगायची.

एका रविवारी धरण बघायला निघालेल्या भैरवीताईच दारात उभ्या राहिल्या.

"म्हैस व्याली वाटतं," गोठ्याकडं बघत त्या म्हणाल्या. "पाच महिने झाले हो तुमचं लोणी खाऊन. मनाली म्हणाली, म्हैस आटली."

म्हैस एक दिवसही आटली नव्हती. कसाबसा चहा पाजून तानूबाईनं पाहुणीला वाटेला लावलं आणि सुनेला हाक मारली.

"डबं कुठं गेलं?"

"उकिरड्यात पुरलं, आत्ती. खवट वास मारायचा. तुमास्नी कळंना. ह्यांनी सांगू दिलं न्हाय. म्हणालं, आईजवळ येवढंच हाय, ते बी काढून घ्यायचं व्हय?"

सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, फक्त तानूबाईला नव्हतं.

"रोज सांजच्याला दोघं पंचशील म्हणतासा की. खोटं बोलणार न्हाय म्हणतासा."

तानूबाईनं नुकताच काढलेला गोळा नाकाशी नेला. काहीच नाही. पुन्हा जोरात श्वास ओढला. पाणी हुंगल्यासारखं. मग तिनं तो सुनेपुढं धरला.

"खरं सांग."

"खवट हाय."

तिनं स्वतः जाऊन गोळा उकिरड्यात टाकला. परत येऊन ती मनालीसमोर बसली.

"उद्यापास्नं वास तू घ्यायचा, घुसळंन मी. पर मला बरं वाटावं म्हणून काय सांगायचं न्हाय."