ताटाच्या कडेची भाजी

पुस्तकं पोचवायला शाळेत गेले, तेव्हा मुलं ओट्यावर जेवत होती. एका वारली मुलीनं भात संपवला आणि टाकळ्याची भाजी ताटाच्या कडेला सारून ठेवली. बाई तिच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "एवढी ताजी भाजी आहे. नखरे नकोत, खा!"

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "पावसाची नवी भाजी आमच्यात आधी देवाला दाखवतात. अजून नाय दाखवली."

"शाळेत असलं काही चालत नाही."

माझं डोकंच फिरलं. अक्षय्य तृतीयेला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी आंब्याला हात लावत नाही, हे याच बाईंनी मला उन्हाळ्यात केवढ्या कौतुकानं सांगितलं होतं! तो संस्कार, आणि या पोरीनं भूक मारून पाळलेला नेम म्हणजे नखरा? टाकळा कुठं उगवतो, कसा खुडायचा, देवाला कसा दाखवायचा, नुसतं विचारलं असतं तरी तिनं अख्ख्या वर्गाला शिकवलं असतं.

बाई हलेनात. मुलीनं डोळे घट्ट मिटून भाजी गिळली. तिच्या पाठीमागं, गेरूच्या भिंतीवर, पांढरी वारली माणसं फेर धरून नाचत होती. बाईंनीच ती हौसेनं रंगवून घेतली आहेत.