मामांनी बांधलेला घोडा

मामांचा उजवा कान पूर्ण गेलेला होता. कोल्हापुरात ऑइल इंजिनांच्या कारखान्यात वीस वर्षं काढल्याची ती खूण. त्यामुळे ते इंजिन तळहाताने ऐकत. सुरू इंजिनावर हात टेकवून, डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, "तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरात गडबड हाय." गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा इंजिनाला आशीर्वाद देतोय.

नव्वदच्या दशकात आखातात, अल कुसैसच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते फोरमन होते. मी पुण्याहून गेलेला इंजिनिअर, कागदोपत्री त्यांचा साहेब. पण मालकांपासून मलबारी वेल्डर यूसुफपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि मीही. त्यांची हिंदीसुद्धा कोल्हापुरी होती. "जादा मत पिळो, बोल्ट रडेगा," असं ते पठाण मेकॅनिकला सांगत आणि त्याला ते बरोबर कळे.

एका ऑगस्टात मामांनी खोलून पुन्हा बांधलेलं एका बसचं इंजिन दुसऱ्याच दिवशी वाळवंटातल्या रस्त्यावर बंद पडलं. बस कामगारांची होती, आत तीस माणसं, वेळ भर दुपारची. दुसरी गाडी पोचेपर्यंत तीन तास गेले आणि एका तेलुगू कामगाराला उन्हाचा झटका बसून हॉस्पिटलात न्यावं लागलं. पार्टच खराब आला असेल, असं मालक म्हणाले. मीही मान डोलावली. संध्याकाळी मामांनी मला गाडी काढायला लावली. हॉस्पिटलात त्या तेलुगू माणसाच्या खाटेशी उभं राहून ते म्हणाले, "इंजिन हमने बांधा था. गलती हमारी है." त्याला काही उलगडेना. मोठं माणूस भेटायला आलंय एवढं समजून तो बिचारा उठून बसायची धडपड करू लागला, तेव्हा मामांनी त्याचे पाय धरून त्याला पुन्हा निजवलं.

परतताना गाडीत म्हणाले, "साहेब, आपण इंजिन धा मिनटं चालवतो आन् बशीत घालतो. तापल्यावर ते काय करतंय, हे बशीतल्या माणसांनी बघायचं का?"

इंजिन गाडीत बसवण्याआधीच तासन्‌तास चालवून बघायचं, तर त्याला टेकायला भक्कम स्टँड हवा. तयार स्टँडची किंमत ऐकून मालकांनी हात वर केले. मग मामांनी भंगारातल्या ट्रकच्या चासीचे तुकडे आणले, जुन्या पिकअपचा रेडिएटर काढला, तेलाच्या दाबाचे आणि तापमानाचे मीटर एका पत्र्यावर बसवले. मी नकाशा काढला होता. तो त्यांनी आदराने घडी करून खिशात ठेवला आणि खडूने फरशीवर स्वतःचा काढला. यूसुफने वेल्डिंग केलं. पहिल्याच दिवशी इंजिन सुरू होताच तो सांगाडा थरथरत चक्क दाराकडे चालू लागला. सगळे पळाले. मामांनी डिझेल बंद केलं आणि हसत म्हणाले, "घोडाच झाला की हो हा." नाव तेच पडलं. मग फरशी फोडून, काँक्रीटमध्ये बोल्ट गाडून, खाली रबर घालून त्यांनी त्याला जागेवर बसवलं. पंख्यापुढे जाळी लावली.

त्याच बसचं इंजिन नव्याने बांधून घोड्यावर चढवलं. मालकांना गाडी दुपारी हवी होती. मामांनी दोन तास मागितले. सव्वा तास काटा हलला नाही. मालक घड्याळ बघत होते, मीही. मग तेलाच्या दाबाचा काटा सावकाश खाली येऊ लागला. इंजिन उघडलं, तर तेलाच्या पंपाच्या अंगाला केसाएवढी चीर, तापल्यावर उघडणारी. गेल्या वेळीही तोच पंप होता आणि मामांनी तो स्वतः तपासून परत घातला होता. मला वाटलं, ते खचतील. पण त्यांनी मालकांना बोलावून चीर दाखवली. "माझी चूक हितं घावली," ते म्हणाले. "रस्त्यावर न्हाई घावली." त्यानंतर दोन तास घोड्यावर काढल्याशिवाय एकही इंजिन वर्कशॉपबाहेर गेलं नाही.

दोन हजार सालानंतर मामा कायमचे घरी निघाले. विमानतळावर सोडायला मीच जाणार होतो. निघताना ते वर्कशॉपात आले, तेव्हा घोड्यावर एक इंजिन चालू होतं, पुढ्यात यूसुफ. मामांनी सगळ्यांचे हात हातात घेतले आणि शेवटी घोड्यापाशी थांबले. "यूसुफ, इसको अब गाडीमें डालेंगे क्या?"

यूसुफने मीटरवरची नजर काढली नाही. "नहीं मामा. अभी आधा घंटा बाकी है."

मामांनी बॅग खांद्यावर घेतली. "चला साहेब," ते म्हणाले, "आता जायाला हरकत न्हाई."