उपास तोंडाचा

गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, एका रविवारी सकाळी माझी आई नांदेडच्या आमच्या घरात बेशुद्ध पडली. त्या वेळी घरात दुसरं कुणी नव्हतं. स्टुलावर टेकवलेल्या मोबाईलवरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपून गेली होती. बायको चर्चमधून परतली तेव्हा आई खाटेवर वाकडी पडलेली होती. उशाशी पोह्यांची ताटली झाकलेलीच होती. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो.

आई लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातली. तिथलं आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. लातूरचे फादर महिन्यातून एका रविवारी यायचे. ते येईपर्यंत गावातलं कुणी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचं नाही. ख्रिस्ताचं शरीर म्हणून जी गव्हाची पातळ चकती जिभेवर मिळते, ती कम्युनियन, दिवसातला पहिला घास असली पाहिजे, असा जुना नियम होता. चर्चने तो केव्हाच सैल केला आहे. आता तासाभराचा उपास पुरतो, आजाऱ्यांना तोही नाही. आमच्या गावात मात्र जुनंच चालत राहिलं. फादरांच्या गाडीला उशीर झाला तर दुपार व्हायची. मिस्सा झाली की सगळे बाहेर लिंबाखाली बसून सुशीला खायचे. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा सुशीला बायका पहाटेच करून, न चाखता, झाकून ठेवायच्या. मीठ कमी पडलं की फादरांसमोरच एकमेकींना बोल लावायच्या.

खुब्याचं हाड मोडल्यावर आई आमच्याकडे आली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. नांदेडचे फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन यायचे, तेवढ्यावर ती राहिली. नंतर तेच आजारी पडून संभाजीनगरला गेले. रविवारी बाहेरचे एक फादर येत, मिस्सा करत आणि लगेच हिमायतनगरकडच्या खेड्यांत निघून जात. घरोघरी जाणं बंद पडलं. तेव्हापासून आईसाठी रविवारी मोबाईलवर मुंबईकडच्या एका मोठ्या चर्चची मिस्सा लावली जाऊ लागली.

ती आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन त्या मोबाईलसमोर बसायची. फादरांच्या प्रत्येक वाक्याला मोठ्याने उत्तर द्यायची. कम्युनियनच्या वेळी पडद्यावर लोकांची रांग दिसायची. तिथे ती गप्प व्हायची.

"लग्नाचा व्हिडिओ बघून पोट भरतंय व्हय?" असं एकदा म्हणाली होती.

त्या दिवसांत रविवारी ती संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाल्यावरच जेवायची. चौकशी केली की भूक नाही म्हणायची. मधुमेहावर नुसत्या गोळ्या चालू होत्या तोवर हे निभावलं. मग डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. त्यानंतरचा हा पहिलाच रविवार होता.

सकाळी सुई मी दिली. बायको चर्चला निघताना पोह्यांची ताटली घेऊन आली.

"आत्या, आधी खाऊन घ्या. सुई घेतलाव."

"मिस्सा होऊ दे."

"सुई घेतली तवाच उपास मोडला की तुमचा."

"सुई काय तोंडानं घेत्यात? उपास तोंडाचा हाय. दंडाचा न्हाई."

"बरं, वकीलबाई. मिस्सा झाली की खा मग."

"झाली की खाते म्हणलं ना. जा तू, पाखरावानी नटलीस, फादर थांबलेत तुझ्यासाठी."

बायको हसत खाली उतरली. मी तिला चर्चच्या फाटकाशी सोडलं आणि कचेरीत गेलो.

मोबाईलवरची मिस्सा चर्चमधल्या मिस्सेच्या आधीच संपली होती. आईच्या हिशेबी ती झालेली नव्हती, कारण तिला कम्युनियन मिळालेलं नव्हतं. मिस्सा झाली की खाते, या बोलण्याचा असा अर्थ होता, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

बायकोचा फोन येताच मी घरी आलो. शेजाऱ्यांनी आईला खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. विष्णुपुरीला दवाखान्यात पोचलो तेव्हा रक्तातली साखर इतकी उतरली होती की मशीनला जेमतेम दाखवता येत होती. डॉक्टरांनी विचारलं, सुई दिली होती का? दिली होती. खाल्लं काय? बायकोने नाही अशी मान हलवली. सलाईनमधून ग्लुकोज दिलं. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, पण बोलणं गेलं होतं, उजवी बाजू हलत नव्हती आणि घोट गिळता येत नव्हता. नाकातून नळी घातली. छातीत कफ भरू लागला होता. हाती फार वेळ नाही, असं डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं.

आई डाव्या हाताने ओठांकडे बोट दाखवत होती. नर्सला वाटलं पाणी. तिने ओल्या कापसाने ओठ पुसले. आईने हात झटकला, पुन्हा बोट ओठांवर नेलं, मग कपाळावर, छातीवर, एका खांद्यावर. दुसऱ्या खांद्यापर्यंत हात पोचला नाही. ती क्रुसाची खूण करत होती, तिला कम्युनियन हवं होतं.

मी बाहेरून येणाऱ्या फादरांना फोन लावला. ते खेड्यात होते, फोन लागत नव्हता. संभाजीनगरला गेलेले आमचे फादर स्वतः खाटेवर होते. ते रडले आणि प्रार्थना करतो म्हणाले. नात्यातल्या एकाने मोबाईलवर चालू प्रार्थनेची लिंक पाठवली. बायकोने मोबाईल आईच्या डोळ्यांसमोर धरला.

"आत्या, बघा, फादर आशीर्वाद द्यायलेत."

आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी लातूरला फोन केला. गावाकडे मिस्सेला येणारे फादर तिकडेच होते. "मुरुडच्या बाई? सुशील्यात मीठ जास्त घालणाऱ्या?" त्यांनी विचारलं. हो म्हणालो. "निघतो."

दिवसभर मी दवाखान्याच्या पायऱ्या आणि खाट यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होतो. अहमदपूरच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं. फादरांचा फोन आला, गाड्या थांबवल्यात. आईचा श्वास मोठा आणि लांब झाला होता. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईल का, हे बघत बायको उभी होती. मी नर्सला विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, असं सांगता येत नाही दादा.

दुपार कलल्यावर फादर आले. शर्ट पाठीला चिकटलेला होता. त्यांनी आईच्या कपाळाला आणि तळव्यांना पवित्र तेल लावलं. मग खिशातून पितळेची गोल डबी काढली. डॉक्टर आधी नाहीच म्हणाले होते. गिळता येत नाही, श्वासनलिकेत जाईल. नंतर कणभर आणि पाण्याचा थेंब एवढ्यावर तयार झाले. ठसका लागला तर लगेच थांबायचं.

फादरांनी चकतीचा कण मोडला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. "ख्रिस्ताचं शरीर."

आईने ओठ घट्ट मिटले.

फादर थांबले. तिने डावा हात उचलून खाटेशेजारच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे मोठी सिरिंज पडली होती. थोड्या वेळापूर्वी नर्सने त्या सिरिंजमधून आईच्या नाकातल्या नळीत दूध सोडलं होतं.

"बाई, आजाऱ्याला उपास नसतो," फादर म्हणाले. "मी सांगतोय."

तिने मान हलवली. नाही.

"देवाला चालतं, बाई."

नाही. कण फादरांच्या बोटात होता. आईचा श्वास पुन्हा अडकला, मग सुटला.

बायको खाटेवर वाकली. "आत्या, तुम्हीच म्हणला होताव. उपास तोंडाचा हाय. दूध तोंडानं गेलंय का? नाकानं गेलंय. तोंडात तुमच्या परवापासून काईच न्हाई."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

फादरांनी कण जिभेवर ठेवला आणि चमच्याच्या टोकाने पाण्याचा एक थेंब सोडला. ओठ मिटले. ठसका लागला नाही. थोड्या वेळाने, कण गिळला गेला का हे बघायला, नर्सने तिची हनुवटी खाली ओढली, बॅटरीचा उजेड आत टाकला, जीभ उचलून खाली पाहिलं, दोन्ही गालांच्या आत पाहिलं.

तोंडात काही नव्हतं.