चाकं टेकल्यानंतरची भीती

आईची भीती मोडायला म्हणून मी हा प्रवास काढला, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मला हसायला तुम्हाला सोपं जाईल.

आई सांगलीहून पहिल्यांदाच आमच्याकडे डब्लिनच्या सँडीफोर्डला आली होती. येताना भाऊ सोबत होता, पण परत एकटीने जायचं होतं आणि त्या विचारानेच तिची झोप उडाली होती. म्हटलं, एकदा छोट्या विमानातून फिरवून आणू, सवय होईल. डब्लिनहून किलार्नीच्या बाजूला पंख्यांचं विमान जातं, तासाभराचं काम. सामान मात्र कमी न्या, डोक्यावरचे कप्पे अगदीच चिमुकले असतात.

"आणि पडलं तर?" आईने विमानात विचारलं.

"काही पडत नाही. एकदा चाकं टेकली ना, की संपलं. मग कसली भीती नाही."

तिने ते मंत्रासारखं धरून ठेवलं. चाकं टेकली, तशी तिने हुश्श केलं, आणि आपल्या लोकांची सवय, लगेच पट्टा सोडून पायाशी ठेवलेल्या पिशवीला हात घातला. मी तिला ओरडणार, तेवढ्यात विमान डावीकडे वळायला लागलं. मला वाटलं, वळायचंच असेल. पण टर्मिनल तर उजवीकडे होतं.

वेग कमी झाला होता, तरी विमान ऐकेना. ब्रेक किंचाळले, सगळं थरथरायला लागलं. खिडकीत धावपट्टीची कड आली आणि मग नुसतं गवत. आई सीटवरून पुढे फेकली गेली. मी तिचा स्वेटर मुठीत धरला. पलीकडच्या सीटवरच्या वयस्कर आयरिश गृहस्थाने आपला दांडगा हात तिच्यापुढे आडवा घातला. "यू आर ग्रँड, मिसेस, यू आर ग्रँड," म्हणजे काही झालं नाही, असं तो म्हणत राहिला. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हिला इथे मी आणलंय.

एक चाक चिखलात रुतवून आम्ही थांबलो. पायलटने सांगितलं, पुढच्या चाकाचं स्टीअरिंग गेलं होतं, नुसत्या ब्रेकवर थांबवलंय, बसून राहा. अग्निशमनाच्या गाड्या धावत आल्या. आईला लागलं नव्हतं.

"चाकं टेकली होती ना गं?" तिने हळूच विचारलं. मी तिचा पट्टा ओढून पुन्हा लावून दिला.

किलार्नी सुंदर आहे. तळ्याकाठची घोडागाडी चुकवू नका. शाकाहारी असाल तर सूपमध्ये काय काय घातलंय ते विचारून घ्या, सोडा ब्रेड मात्र बिनधास्त खा. आईने यातलं काय पाहिलं, देव जाणे. घोडागाडीतही ती दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून बसली होती. परतीचं विमान आम्ही सोडूनच दिलं आणि रेल्वेने आलो. मॅलोला गाडी बदलावी लागते, तिथे डुलक्या घेऊ नका.

घरी आल्यावर तिने विचारलं, "बोटीने जाता येतं का गं इंडियाला?" मी म्हटलं, तिकीट पुढे ढकलू. तर म्हणाली, "नको. तिकडे हे दोन्ही वेळा खिचडी खातायत. जायला तर हवंच." निघाली त्या दिवशी तिचे हात बर्फासारखे गार होते. मी पुन्हा धीर द्यायला गेले नाही, नुसते तिचे हात चोळत राहिले.

आता कुणी विमानाला घाबरलं, तर मी गप्प बसते. पूर्वी कुणाचं विमान उतरून मोबाइलवर 'लँडेड' आलं की मी कामाला लागायचे. त्या दिवशी आईच्या विमानाचं ते वाचलं आणि मी लगेच फोन लावला. आई फोन उचलेना. विमान कुठे वळलं असेल, हिने पट्टा सोडला असेल का, हेच मनात. खूप वेळाने तिचाच फोन आला.

"बाहेर आलीस?"

"आले. यांचा हात धरून उभी आहे. तू जेवलीस का?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. "जेव आता," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.